‘नशीब काढलं पोरीनं’ म्हणणाऱ्यांनो, तिची आई कुठे आहे?



मागच्या रविवारी ढाणकीच्या विहारात वंदना झाली. चहा येईपर्यंत एका पोराने मोबाइलवर आलेला मेसेज सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तुमच्याही ग्रुपवर तो दहा वेळा येऊन गेला असेल. पुण्यात एक मुलगी जन्मली, निर्दयी आईबापाने तिला पहाटे अनाथालयाच्या दारात टाकलं, अमेरिकेतलं जोडपं आलं, तिला उचलून घेऊन गेलं आणि ती मोठी होऊन ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू झाली. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘देव तारी त्याला कोण मारी’. आमच्या आंबेडकरवादी ग्रुपवर! आणि त्याखाली आमच्याच एका कार्यकर्त्याचा शेरा : ‘नशीब काढलं पोरीनं.’

आम्ही तिथेच त्याला अडवलं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसाच्या तोंडी नशीब कुठून आलं? त्यावर वाद झाला, चहा थंड झाला. तो वाद तिथे अर्धा राहिला म्हणून हा लेख.

आधी खरी हकिकत. ती मुलगी म्हणजे लिसा स्थळेकर. जन्म पुण्यात, १३ ऑगस्ट १९७९. पुण्याच्या ‘श्रीवत्स’ संस्थेत तिचं नाव लैला होतं. हरेन आणि स्यू स्थळेकर या जोडप्याने तिला अवघ्या काही आठवड्यांची असताना दत्तक घेतलं. हरेन मूळचे मुंबईचे, स्यू इंग्रज, संसार अमेरिकेत. त्यांनी भारतातूनच एक मुलगी आधी दत्तक घेतलेली होती. आता मुलगा हवा होता. मुलगा शोधायला आलेली ही माणसं मुलगी घेऊन गेली. मेसेज तयार करणाऱ्याने खरं तर हे ठळक करायला हवं होतं, कारण आपल्याकडे याच्या उलट घडतं. पुढे अमेरिका, केनिया आणि मग सिडनी. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली महिला. २०१३ चा विश्वचषक तिच्या संघाने जिंकला तो मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मोठी झाल्यावर ती पुण्याच्या त्या संस्थेत जाऊनही आली.

स्थळेकर कुटुंबाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पोटचं नसलेलं लेकरू पोटच्यासारखं वाढवणं, त्याला त्याच्या जन्माची गोष्ट न लपवता सांगणं, याला मोठं काळीज लागतं. आमचं भांडण मेसेज लिहिणाऱ्याशी आणि त्यावर अंगठा उठवणाऱ्यांशी आहे. ‘निर्दयी आईबाप’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या बाईला कोणी विचारलं होतं का? १९७९ साली पुण्यात मूल सोडावं लागलेली ती बाई कुमारिका होती, विधवा होती, की नवऱ्याने तिसरी मुलगी झाली म्हणून घराबाहेर काढलेली होती? काहीच माहीत नाही, तरी निकाल लावून मोकळे. या देशात चूक नेहमी बाईची, आणि बाई गरीब असली तर पुरावासुद्धा लागत नाही.

कुठे लांब जायला नको. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी आणि पांढरकवड्याकडच्या पट्ट्यातल्या कुमारी मातांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत जाऊन आला. बहुतेक पोरी कोलाम समाजाच्या. ठेकेदार, व्यापारी, कामाच्या निमित्ताने येणारे बाहेरचे पुरुष येतात, लग्नाचं आमिष दाखवतात आणि निघून जातात. बापाच्या नावाची जागा रिकामी राहते. मूल मात्र त्या पोरींनी टाकलं नाही, मजुरी करून वाढवलं. निर्दयी कोण, सांगा बघू? आईचं नाव शोधून तिला शिव्या देणाऱ्या मेसेजमध्ये बापाचा एकेरी उल्लेखसुद्धा नसतो.

आता परदेशी दत्तकाचा इतिहास थोडा पाहा, कारण ‘परदेशात गेलं म्हणजे कल्याण झालं’ हे गृहीतच तपासायला हवं. हिंदू दत्तक कायदा फक्त हिंदूंना, आणि त्या व्याख्येत कोंबलेल्या बौद्ध, जैन, शीख यांना लागू. त्यामुळे परदेशी ख्रिस्ती जोडप्यांना इथे दत्तक घेताच येत नसे. ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसते पालक म्हणून नेमले जात, मूल विमानात बसवत आणि तिकडे गेल्यावर तिकडच्या कायद्याने दत्तक घेत. मधल्या काळात त्या लेकराचं काय झालं हे विचारणारं कोणी नव्हतं. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले : आधी मूल देशातच घर मिळून राहावं यासाठी प्रयत्न, मगच परदेश, आणि मूल देणाऱ्या आईवर दबाव नको. त्यातूनच १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला.

नियम झाले म्हणून धंदा थांबला का? पुण्यातल्याच ‘प्रीत मंदिर’ संस्थेचं प्रकरण आठवा. गरीब आईबापांकडून मुलं काढून घेतल्याचे आणि परदेशी जोडप्यांकडून बेकायदा पैसे घेतल्याचे आरोप झाले आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. म्हणजे तुमच्या मेसेजमधली ‘देवाने पाठवलेली’ वाट पैशाच्या व्यवहारातूनही जात असावी, असा संशय उच्च न्यायालयाला आला होता.

पुण्यात १९७३ साली जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांची गोष्टही वाचा. त्यांना वाढवणाऱ्या आईवडिलांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं : माझी आई कोण, माझ्या फाइलमध्ये काय लिहिलंय? त्यासाठी त्यांना इथल्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. अखेर, कित्येक वर्षांनी, ते आपल्या जन्मदात्रीपर्यंत पोहोचले. आई होती. जिवंत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंदच केलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये आपल्याच सरकारला दोषी धरलं : मुलांना खोट्या कागदांनी ‘अनाथ’ दाखवून परदेशी पाठवलं म्हणून. जग हिशोब मागतंय आणि आम्ही अजून हात जोडलेले इमोजी पाठवतोय.

काही जण विहारात म्हणाले, ‘मग परदेशी पाठवणं बंदच करा.’ हेही आम्हाला पटत नाही. आज परदेशात जाणारी बहुतेक मुलं कोणती असतात? वय वाढलेली, आजारी, अपंग, दोन-तीन भावंडं एकत्र असलेली. इथल्या जोडप्यांना हवं असतं महिन्या-दोन महिन्यांचं, धडधाकट आणि शक्यतो गोरं बाळ. इथे नकार मिळालेलं सहा वर्षांचं लेकरू इटलीतल्या किंवा अमेरिकेतल्या घरात जेवतंय, शिकतंय, तर त्याचं दार आम्ही का लावावं? ‘आपली मुलं परधर्मात जातात’ म्हणून गळा काढणारे तर आम्हाला फार आवडतात. त्यातल्या किती जणांनी एक मूल घरी आणलं?

आणि आता आपलं बोलू. हे लिहिताना आमचाही हात थोडा जड होतो.

आमच्या वस्तीत एक जोडपं आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. नांदेडच्या दवाखान्यात, यवतमाळच्या दवाखान्यात, मध्ये एका बाबाकडेही (हो, तेही झालं) जाऊन आले. आम्ही दत्तकाचा विषय काढला. बाई लगेच तयार. सासू म्हणाली, ‘कोनाचं रगत असन बाप्पा, कोनत्या जातीचं असन, मायीत नाई.’ सासूच्या मागे बाबासाहेबांचा फोटो, त्यावर निळा हार. सासू अडाणी म्हणून सोडून देऊ, पण तिचा पदवीधर दीर काय म्हणाला? ‘माझाच धाकटा घ्या ना वहिनी, घरातलं घरात राहील.’ घरातलं म्हणजे काय? दोन एकर सोयाबीन आणि घरकुलाची एक खोली.

रक्त आणि वारस हा विचार आपला आहे का? जुन्या धर्मशास्त्रात दत्तक कशासाठी होतं ते बघा. मुलगाच घ्यायचा, तोही आपल्याच जातीचा, कारण बापाला मेल्यावर पिंड द्यायला कोणीतरी हवं. लेकराचं भलं हा त्यातला मुद्दाच नव्हता. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात या दत्तकालाच हात घातला, बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला दत्तक घेता येणार नाही असं मांडलं. ते बिल अडवलं गेलं, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर त्याचे तुकडे करून कायदे झाले. दत्तकाचा कायदा झाला २१ डिसेंबर १९५६ ला. बाबासाहेब ६ डिसेंबरला गेले. पंधरा दिवस. त्या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जातीची अट गेली, दत्तहोम सक्तीचा राहिला नाही. आणि ज्यांच्यासाठी हे झालं ते आम्ही अजून ‘कोनाचं रगत’ विचारतोय.

त्याच्याही आधीचं उदाहरण तर आपल्या भिंतीवरच टांगलेलं आहे. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं. तिथे आधी आईचा जीव आणि अब्रू सांभाळली जात होती, मग मुलाचं पुढे काय ते ठरत होतं. आणि १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतिबा गेले तेव्हा भाऊबंदांनी यशवंतला टिटवं धरू दिलं नाही, रक्ताचा नाही म्हणून. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. सिद्धार्थालाही महामायेनंतर वाढवलं ते महाप्रजापती गौतमीने, आणि भीमरावांची आई गेल्यावर त्यांच्यावर माया केली आत्या मीराबाईंनी. यातलं आपल्याला ठाऊक नाही असं काय आहे?

एक पोरगा म्हणाला, ‘आम्ही हिंदू नाही, मग हिंदू दत्तक कायद्याने का घ्यायचं?’ प्रश्न रास्त आहे. त्या कायद्याच्या कलम २ ने आपल्याला त्यात ओढलेलं आहे, ते आम्हालाही बोचतं. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने धर्म न विचारता दत्तक घेता येतं. बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, कोणीही. एकटी बाईसुद्धा घेऊ शकते. नोंदणी काराच्या पोर्टलवर होते, घरी येऊन गृहभेटीचा अहवाल होतो आणि २०२२ पासून शेवटचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं, मोठ्या मुलासाठी त्यामानाने कमी.

आणि हे गावोगाव सांगा : दवाखान्यातून परस्पर बाळ उचलून आणणं, मग ते कितीही चांगल्या मनाने केलेलं असो, गुन्हा आहे. पैसे देऊन घेतलं तर ती मुलाची खरेदी-विक्री, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आई सांभाळू शकत नसेल तेव्हाची. बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवल्यावर कायदा तिला फेरविचारासाठी दोन महिने देतो. हे दोन महिने तिला कोणी सांगत नाही. त्या साठ दिवसांत तिच्यासोबत कोण असतं? बाप नसतो, माहेर नसतं, गाव तर नसतंच. त्यावेळी आपली महिला शाखा तिच्या दारात गेली, राहायची सोय आणि हाताला काम एवढं जरी बघितलं, तरी कितीतरी लेकरं पुण्यालाही जाणार नाहीत आणि परदेशालाही. झरी जामणीच्या मायमाउल्यांनी हे कोणाच्या आधाराशिवाय करून दाखवलंय. आपल्याकडे तर संघटना आहे, विहार आहे, वर्गणी आहे. जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते तेवढी पुरे झाली असती.

त्या जोडप्याचं पुढे काय झालं ते सांगतो. सासू अजून बोलत नाही. बाई मात्र मागे हटलेली नाही आणि नवराही आता तिच्या बाजूला आलाय. त्यांना आम्ही एकच सांगितलं की बाळाचाच हट्ट धरू नका, पाच-सहा वर्षांची मुलगी असेल तरी विचार करा. दोघं एकमेकांकडे बघून हसले, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. अर्ज भरायला बसलो तर पहिल्याच पानावर अडलो : लग्नाचा दाखला. विहारात बौद्ध पद्धतीने लग्न झालं, फोटो आहेत, पत्रिका आहे, पण नोंदणीच केलेली नाही. वस्तीत विचारलं तर निम्म्या जोडप्यांची तीच गत. येत्या रविवारी वंदनेनंतर त्यांच्या नोंदणीचे अर्ज विहारातच भरून घेणार आहोत. ज्यांची राहिली आहे त्यांनी लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे दाखले आणि तीन साक्षीदार घेऊन यावं.