एक्स-रेच्या आधी मानेला हात लावा

डोकेदुखीचा रुग्ण आला की दोन-चार प्रश्न विचारून मी त्याला टेबलावर उताणं झोपवते. डोकं दोन्ही हातांत घेऊन हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवते आणि तशीच मान हलकेच दोन्ही बाजूंना वळवते. निरोगी मान अशा वेळी सुमारे ४४ अंश वळते. दुखण्याचं मूळ मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी असेल तर ती बरीच आधी अडते. या तपासणीला दोन मिनिटं पुरतात, पण ती फारसं कुणी करत नाही याचा मला संताप येतो.

इचलकरंजीत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पित्ताच्या गोळ्या, नवा चष्मा, सायनसचा एक्स-रे आणि मानेचा पट्टा होता. कळ नेहमी उजवीकडेच, कवटीच्या तळाशी सुरू होऊन डोळ्यावर येणारी. लग्नसराईत मशीनवर वाकून बसलं की हमखास. तोवर कुणीही त्यांच्या मानेला हात लावला नव्हता.

मानेतलं दुखणं डोळ्यावर का जाणवतं? मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच केंद्रात येऊन मिळतात. तिथे वेदनेचा पत्ता चुकतो. नॉर्वेचे न्यूरॉलॉजिस्ट ओत्तार शोस्ताद यांनी १९८३ मध्येच या डोकेदुखीला वेगळं नाव दिलं. तरी आपल्याकडे अजून एक्स-रेत झीज दिसली की ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणून मोकळे होतात. झीज तर वय वाढलं की न दुखणाऱ्या मानेतही दिसते. शिवाय अर्धशिशीतही मान धरते आणि तिचे उपचार वेगळे आहेत. म्हणून तर हाताने तपासायचं.

पट्टा मी ताईंना काढायला लावला. उपचार म्हणजे अडलेला सांधा हाताने मोकळा करणं आणि मानेच्या आतल्या स्नायूंना बळ देणं. झोपून, डोकं न उचलता, ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची, दहा सेकंद धरायची, सोडायची. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या अशा उपचारांचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. ताईंचं स्टूलही आम्ही बदललं, काम डोळ्यांच्या जवळ येईल असं. दिवाळीच्या गर्दीतही त्यांना गोळी क्वचितच लागली.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र आजच सोडा. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. आणि डोकं अचानक असह्य दुखू लागलं, तापाबरोबर मान ताठली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवी डोकेदुखी सुरू झाली, तर माझ्याकडे येऊ नका. आधी थेट डॉक्टर गाठा. लकव्याची लक्षणं असतील तर त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल.