शिप्रेच्या खालच्या गावांना अधिकारी द्या

प्रति,
आयुक्त,
नगरीय प्रशासन व विकास संचालनालय,
पालिका भवन, शिवाजी नगर, भोपाळ

महोदय,



२०२८ च्या सिंहस्थाची तयारी आमच्या उज्जैनमध्ये जोरात चालू आहे. रस्ते रुंद होत आहेत, घाट वाढत आहेत, आणि कोणत्या कामावर कोणता अनुभवी अधिकारी बसवायचा याचा विचार भोपाळमध्ये बारकाईने होतो आहे. तो व्हायलाच हवा. महाकालाच्या दर्शनाला येणारी गर्दी सांभाळणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. पण हे पत्र उज्जैन शहरासाठी नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या महिदपूर, तराना, बडनगर, खाचरोद, उन्हेल, माकडोन या गावांच्या नगरपालिका आणि नगर परिषदांत मुख्य नगरपालिका अधिकारी म्हणून आपण कोणाला पाठवता, कसे निवडता आणि किती दिवस तिथे राहू देता, त्याबद्दल आहे. आज त्या खुर्च्यांवर कोण आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. एकाही व्यक्तीबद्दल माझी तक्रार नाही.

महिदपूरपासून सुरुवात करतो, कारण ते शिप्रेच्या खालच्या अंगाला आहे. इंदूरची कान्ह नदी त्या शहराचे सांडपाणी घेऊन उज्जैनजवळच्या त्रिवेणीपाशी शिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचे पाणी राघोपिपळ्याला अडवून, सुमारे १९ किलोमीटरच्या बंद पाइपातून उज्जैनच्या घाटांना वळसा घालून कालियादेहपाशी सोडायची योजना झाली. स्नानाचे घाट स्वच्छ राहावेत हा हेतू चांगलाच होता. पण शिप्रा कालियादेहला संपत नाही. ती उत्तरेला महिदपुरावरून वाहत जाते आणि मग चंबळेला मिळते. वरच्या शहरांनी मोठे आयुक्त, मोठे अभियंते, मोठे सल्लागार बसवून जे ठरवले, ते खालच्या गावाच्या काठावर येऊन पोचते. त्या बैठकांत महिदपूरच्या बाजूने कोण बोलले असेल? नदीच्या पाण्याचे नमुने घेऊन, आकडे मांडून, वरिष्ठांसमोर ठामपणे उभा राहील असा अधिकारी त्या गावाला लागतो.

एरवीही या पदाचे काम थोडके नाही. नळाला पाणी दिवसाआड येते की चार दिवसांनी, पावसाळ्याआधी नाले उपसले गेले की नाही, कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत शिरतच नाही, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव आहे, निराश्रित पेन्शन कोणाची अडली, जन्म-मृत्यूचा दाखला, दुकानांची भाडी, बांधकामाची परवानगी, आठवडी बाजाराची जागा, हे सगळे एका सहीपाशी येऊन थांबते. मोठ्या शहरात आयुक्तांच्या हाताखाली अपर आयुक्त, उपायुक्त, झोन अधिकारी, अभियंत्यांची फळी असते. लहान गावात एखादा उपयंत्री असतो, आणि तोही कधी कधी दोन गावांत वाटलेला. पैशाची तर वेगळीच ओढाताण. चुंगी क्षतिपूर्तीची, म्हणजे जकातीच्या बदल्यात राज्याकडून मिळणारी, रक्कम हाच बहुतेक गावांचा मुख्य आधार. तिच्यातून विजेची थकबाकी परस्पर वळती होते आणि उरलेल्यात पगार भागवायचे असतात. संपत्ती कर वाढवावा तर नगरसेवक नाराज, वाढवू नये तर सफाई कामगारांचा पगार लांबतो. हा हिशेब जुळवायला मोठ्या शहरापेक्षा जास्त कसब लागते असे मला वाटते, कारण चूक झाली तर ती झाकायला कुठे जागाच नसते.

आणि नेमके हेच पद आपल्या राज्यात वर्षानुवर्षे प्रभारावर चालवले जाते. कुठे महसूल निरीक्षकाकडे कार्यभार, कुठे लेखापालाकडे, कुठे शेजारच्या गावच्या अधिकाऱ्याकडे जादा म्हणून. यातली बरीच माणसे कष्टाळू आहेत, गावाची खडान्‌खडा माहिती त्यांना असते. अडचण त्यांच्या लायकीची कमी आणि त्यांच्या जागेची जास्त आहे. प्रभारी माणसाला उद्या पुन्हा आपल्या जुन्या टेबलावर जायचे असते, त्याच अध्यक्षांच्या, त्याच ठेकेदारांच्या नजरेसमोर. अशा माणसाने टेंडरच्या फायलीवर प्रतिकूल शेरा कोणत्या बळावर लिहायचा? विनापरवाना उठलेल्या मजल्याला नोटीस कशी काढायची? तो सही करतो किंवा सही लांबवतो, आणि दोन्हींचे ओझे गावावर पडते. पूर्ण पदाच्या, नियमाने निवडलेल्या अधिकाऱ्याला 'नाही' म्हणता येते. गावाला त्या 'नाही'ची गरज आहे.

हे पत्र मी मराठीत लिहितो, कारण माळव्यातल्या मराठी घरांची नाळ दोन राज्यांशी आहे. आमची भाचरे-पुतणे महाराष्ट्रातल्या नगरपालिकांत राहतात, आणि तिथे काय घडते ते आम्ही जवळून पाहतो. तिथे मुख्याधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग आहे आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून तरुण मंडळी त्यात येतात. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचे उदाहरण आपल्याला माहीत असेलच. २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास वस्तीचे ते गाव. तिथे रामदास कोकरे मुख्याधिकारी म्हणून आले आणि घरोघरी कचरा वेगवेगळा करून घेण्यावर त्यांनी भर दिला. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यांत वापर, असे करत करत कचरा डेपोच्या जागेला त्यांनी स्वच्छ भारत पर्यटन स्थळाचे रूप दिले. लांबलांबच्या गावांचे लोक ते पाहायला जाऊ लागले. पुढे त्यांनी कर्जत आणि माथेरानलाही हेच काम केले. बारा हजारांच्या गावात एक माणूस, योग्य पदावर आणि पूर्ण अधिकाराने, काय करू शकतो ते यातून दिसते. अशी माणसे आपल्या राज्यातही नक्की आहेत. त्यांना तराण्याला किंवा उन्हेलला पाठवण्याइतके ते गाव महत्त्वाचे आहे, असे भोपाळला वाटले पाहिजे.

आमच्या इतिहासातही असे घडलेले आहे. उज्जैन ज्या ग्वाल्हेर संस्थानात होते, त्याचे दिवाण दिनकरराव राजवाडे मूळचे रत्नागिरीकडचे. १८५२ मध्ये ते दिवाण झाले, पण त्याआधी हिशेबनिसाचे काम आणि तंवरघार या एका विभागाचा कारभार त्यांनी केला होता. तिथली वसुली आणि पोलीस व्यवस्था सुधारून दाखवली, आणि मग संस्थान हाती आले. दिवाण झाल्यावर सगळ्यांचे पगार कमी करताना त्यांनी स्वतःचा महिन्याचा पगारही पाच हजारांवरून दोन हजारांवर आणला. लहान मुलखाचा कारभार ही त्यांची शाळा होती. आज आपण लहान गावची नेमणूक ही शिक्षा किंवा विसाव्याची जागा समजतो. ती तशी राहिली, तर मोठ्या शहरांसाठी तयार अधिकारी येणार कुठून?

आपल्याच विभागातले अलीकडचे उदाहरणही आहे. आशीष सिंह उज्जैन महापालिकेचे आयुक्त होते, मग इंदूरचे आयुक्त झाले. इंदूरच्या देवगुराडिया कचरा डेपोतला सुमारे १३ लाख टन जुना कचरा हटला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे ते उज्जैनला जिल्हाधिकारी म्हणून परत आले. शहराची ओळख झालेला माणूस त्याच मुलखात पुन्हा कामाला लावता येतो, हे शासनाला ठाऊक आहे. लहान गावांच्या वेळीच ते का आठवत नाही?

लहान गावाला लायक अधिकारी कसा मिळावा, या प्रश्नाला अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक उत्तर शोधले गेले. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन नावाच्या छोट्या गावाने १९०८ मध्ये कारभारासाठी पगारी व्यवस्थापक नेमला. १९१३ च्या महापुरात ओहायोमधले डेटन शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या शहराने हीच पद्धत स्वीकारली. त्यांनी पनामा कालव्याचे अभियंते गोथल्स यांनाही विचारून पाहिले आणि अखेर शेजारच्या सिनसिनाटीचे नगर अभियंते हेन्री वेट यांना आणले. आजही तिथली लहान गावे या पदाची जाहिरात देतात, गावापुढचे प्रश्न त्यात लिहितात, उमेदवाराची गावाशी गाठ घालतात. आपल्याकडेही नेमणूक तशी परिषदेच्या हाती द्यावी असे मी म्हणणार नाही. आपल्या गावांतले राजकारण मला माहीत आहे. अध्यक्षाच्या मर्जीतला माणूस आणला जाईल ही भीती खरी आहे. निवड लोकसेवा आयोगाकडे आणि विभागाकडेच असू द्या. पण गावाला काय हवे ते आधी लेखी मागवा. महिदपूरला नदी आणि सांडपाणी समजणारा हवा असेल, बडनगरला वेगळाच कोणी. भोपाळच्या एका यादीतून सगळीकडे सारखीच माणसे वाटली जातात, तेव्हा हा फरक कोणी विचारतच नाही.

एक शंका मला वारंवार ऐकायला मिळते: अधिकारी चांगला मिळाला की नगरसेवक कशाला हवेत? महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. आरक्षणाच्या खटल्यांमुळे तिथल्या बहुतेक नगरपालिकांच्या निवडणुका रखडल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत कित्येक गावे काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिली. काही प्रशासक उत्तम होते. तरी वॉर्डातल्या बाईने पाणी आले नाही हे सांगायला जायचे कोणाकडे, हा प्रश्न शिल्लकच राहिला. ज्याच्या दारात रात्री दहाला जाता येते असा निवडून आलेला माणूस आणि ज्याची सही नियमाने चालते असा अधिकारी, दोघेही समोरासमोर हवेत. म्हणूनच माझी मागणी अधिकाऱ्यासाठी आहे, प्रशासकासाठी नाही.

मुदतीबद्दल तर न्यायालय आधीच बोलले आहे. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये अधिकाऱ्यांना किमान मुदत द्यावी असे सांगितले, आणि पुढच्या वर्षी भारतीय प्रशासन सेवेसाठी संवर्गातल्या पदांवर दोन वर्षांचा नियम झाला. गावच्या मुख्य अधिकाऱ्याला मात्र दर बदली यादीची धास्ती असते. पहिला पावसाळा गाव समजण्यात जातो, दुसऱ्या पावसाळ्यात नाल्याचे काम हाती घेता येते, आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे तिसऱ्या पावसाळ्यातच कळते. म्हणून तीन वर्षे द्या. मधेच हलवायचेच असेल तर कारण लेखी आणि जाहीर द्या.

आणखी दोन गोष्टी, ज्यांना फारसा पैसा लागत नाही. अधिकारी गावात राहू द्या, त्याला तिथे राहण्यासारखे घर द्या. उज्जैन किंवा इंदूरहून रोज ये-जा करणाऱ्याला सकाळी सहाचे नळ दिसत नाहीत. आणि जाताना त्याने पुढच्यासाठी सविस्तर नोंद ठेवली पाहिजे: कोणत्या व्हॉल्व्हमधून कोणत्या वस्तीला पाणी जाते, कोणती थकबाकी खरी आहे आणि कोणती कागदावरची, कोणता ठेकेदार अर्धे काम टाकून गेला, कोणत्या खटल्याची तारीख कधी आहे. आज हे ज्ञान कोणा जुन्या फिटरच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की गाव पुन्हा पहिल्यापासून खोदायला घेते. या नोंदीशिवाय कार्यभार हस्तांतर झाले असे समजू नये, एवढा एक आदेश आपल्या संचालनालयातून निघू शकतो.

सिंहस्थाच्या निमित्ताने उज्जैन जिल्ह्यातल्या पदांचा आढावा आपण घेतच आहात. त्याच फायलीत या गावांची नावे घालावीत आणि कुठे नियमित मुख्य अधिकारी आहे, कुठे प्रभारी, केव्हापासून, याची यादी प्रसिद्ध करावी, ही विनंती. २०२८ च्या सिंहस्थाचा वैशाख यायच्या आधी महिदपूरला एक पूर्ण वर्ष राहिलेला अधिकारी असावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी नेमणुकीचा आदेश याच पावसाळ्याच्या आत निघायला हवा.

आपला,
उज्जैनचा एक मराठी रहिवासी