शोरमाने मृत्यू एकच? अन्नविषबाधेचे बळी मोजतात कसे

मे २०२४ मध्ये मानखुर्दला चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. प्रकरण पोलिसांत गेले, म्हणून कळले. एरवी दाखल्यावर ‘जुलाब’ लिहिले की अन्नाचा संबंध पुसला जातो.

मग देशोदेशीचे आकडे येतात कुठून?

अंदाजातून. अमेरिकेत प्रयोगशाळेत सापडलेल्या साल्मोनेलाच्या एका रुग्णामागे न सापडलेले २९ धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील अंदाजानुसार, दूषित अन्नाने जगात वर्षाला ४.२० लाख मृत्यू होतात, त्यातले १.७५ लाख भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात.

मुंबईने काय करावे?

पालिका पावसाळ्यात गॅस्ट्रोचे रुग्ण मोजते. अंधेरी ते मुलुंड दवाखान्यांत शौचाची तपासणी वाढवून जंतूही नोंदवावा. तपासणीच नसेल, तर कमी आकडा सुरक्षित अन्नाचा पुरावा ठरत नाही.