गाभ्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

१/ शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज संगणकांकडे एक छोटीशी फाइल धाडली आणि पाहता पाहता पडदे निळे पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने अशी ८५ लाख यंत्रे कोलमडली. भारतात इंडिगो, अकासा, स्पाइसजेट या विमान कंपन्यांनी प्रवाशांची नोंद हाताने करायला घेतली; काही विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून दिले गेले. इंडिगोची जवळपास २०० उड्डाणे रद्द झाली.

२/ (त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतही एक स्वतंत्र बिघाड झाला होता. वृत्तपत्रांनी दोन्हींची सरमिसळ केली. हा धागा केवळ निळ्या पडद्यांविषयी आहे.)

३/ सहार असो वा सांताक्रूझ, अंधेरीतील कचेरी असो वा मुलुंडमधील बँकेची शाखा, मोठ्या संस्थेच्या यंत्रापुढे बसणाऱ्या कर्मचाऱ्याला साधा प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायचा तरी संगणक विभागाची परवानगी लागते. हा नियम योग्यच आहे. परंतु ज्या यंत्राने आपल्या वापरकर्त्याला दारातच अडवले, त्याच यंत्राने दूरच्या एका विक्रेत्याची आज्ञा थेट गाभ्यात, कोणालाही न विचारता, शिरू दिली. कुलूप होते, ते एकाच बाजूला लागले होते. हे असे कसे घडले, याचा इतिहास सहा दशकांचा आहे, आणि त्यातील एक लोभस प्रकरण जुहू व पवई यांच्या दरम्यान घडले.

४/ प्रथम मूळ कल्पना. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. डिस्क, मोडेम, कळफलक, पडदा या उपकरणांना प्रत्यक्ष हुकूम देणारे कर्नलमधील भाग म्हणजे ड्रायव्हर. बोरिवली लोकलच्या प्रवाशाला मोटरमनच्या केबिनमध्ये प्रवेश नसतो, पण डब्यात साखळी असते. ती ओढून तो एकच ठरावीक विनंती करू शकतो. गाडी कशी थांबवायची ते त्याच्या हाती नसते. सामान्य प्रोग्राम हा असा प्रवासी होय. त्याने विनंती करायची, कर्नलने ती तपासायची आणि मगच उपकरणाला हात लावायचा.

५/ या विभागणीची गरज यंत्र सामायिक झाले तेव्हा निर्माण झाली. १९६१ मध्ये एमआयटीत सीटीएसएस ही कालविभाजन पद्धती दाखवण्यात आली, १९६२ मध्ये मँचेस्टरला ॲटलास संगणक सुरू झाला. एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालू लागली की एकाच्या चुकीने दुसऱ्याची टेप पुसली जाऊ नये, हा त्यामागील साधा हेतू होता. ते कुलूप चोरासाठी घडवलेले नव्हते. शेजाऱ्याच्या धांदरटपणापासून शेजाऱ्याला वाचवण्यासाठी ते घडले.

६/ मुंबईत १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशभरच्या संस्था त्यावर आपली गणिते सोडवून घेत. त्या काळच्या रीतीनुसार संशोधकाने पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील कागद घेऊन जायचे. यंत्राशी प्रत्यक्ष संबंध ऑपरेटरचा. एका अर्थाने तेथील कर्नल हाडामांसाचा होता!

७/ या व्यवस्थेला सर्वांत सुबक रूप दिले ते युनिक्सने. डेनिस रिची आणि केन टॉम्पसन यांनी १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात मांडलेली कल्पना अशी की, उपकरणसुद्धा फाइलच मानावी. 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक उपकरणासाठी एक विशेष फाइल. मग उपकरणासाठी वेगळी संरक्षणव्यवस्था हवीच कशाला? फाइल कोणाची, गट कोणता, इतरांना वाचण्या-लिहिण्याची मुभा आहे की नाही, हे जे काही पत्राच्या मसुद्याला लागू, तेच टेपला आणि मोडेमला लागू. नवी विशेष फाइल निर्माण करण्याचा अधिकार मात्र फक्त 'रूट'चा, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याचा.

८/ पण दार बंद केले की वैध कामही अडते. सामान्य माणसाला पासवर्डच्या फाइलवर लिहिण्याची परवानगी नाही, तर त्याने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? रिचीने तोड काढली: एखाद्या विश्वासू प्रोग्रामवर खूण करायची, म्हणजे तो चालवणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल. 'सेटयूआयडी' नावाच्या या युक्तीचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले. माणसाला किल्ली द्यायची नाही. किल्ली एका ठरावीक कामाला द्यायची.

९/ आता जुहू. टाटा संस्थेतील संगणक केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, स्वतंत्र झाले. श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक. केंद्र जुहूला, गुलमोहर मार्गाच्या परिसरात. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीएसटी यांना जोडणारा अर्नेट प्रकल्प तेव्हा आकार घेत होता. १९८६-८७ च्या सुमारास त्याचा पहिला दुवा जुळला तो एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या दोन उपनगरी शेजाऱ्यांमध्ये. साध्या टेलिफोनच्या तारेवर, मोडेम लावून.

१०/ पत्रे वाहून नेणारी प्रणाली होती यूयूसीपी, बेल लॅब्समध्ये जन्मलेली. तिची रीत आजही अभ्यासण्यासारखी आहे. मोडेमची फाइल 'यूयूसीपी' नावाच्या एका वेगळ्याच खात्याच्या मालकीची. पत्र लिहिणारा प्राध्यापक असो वा विद्यार्थी, त्याने मोडेमला हात लावायचा नाही. त्याने पत्र रांगेत ठेवायचे. मग त्या खात्याच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम आधी कुलपाची एक लहानशी फाइल निर्माण करणार, म्हणजे दुसऱ्या कोणी तीच तार मध्येच उचलू नये. मग क्रमांक फिरवणार, पलीकडच्या यंत्राशी ओळख पटवणार, पत्रे देणार-घेणार, तार सोडणार आणि कुलूप काढणार.

११/ टेलिफोनची जोडणी ही त्या काळी मुंबईत दुर्मीळ वस्तू होती. अनेकांनी एकच मोडेम थेट हाताळला असता, तर एकाचे पत्र दुसऱ्याच्या गोंधळात बुडाले असते. येथे नियंत्रण होते, पण अपमान नव्हता. जे कुलूप विद्यार्थ्याला लागू होते, तेच प्राध्यापकालाही लागू होते. आणि किल्ली त्याच इमारतीत, परिचयाच्या कारभाऱ्याकडे होती. मोडेम अडकला, तर जिना उतरून कोणाला हाक मारायची हे ठाऊक असे.

१२/ युनिक्सच्या या रचनेत एक फट मात्र राहिली. वाचणे आणि लिहिणे यांच्या परवानग्या स्पष्ट होत्या. पण उपकरणाला इतरही हजार गोष्टी सांगायच्या असतात. वेग बदल, टेप गुंडाळ, डिस्क फॉर्मॅट कर. त्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'आयओक्टल' ही एक सर्वसमावेशक हाक आली. तिच्यातून काय मागायचे हे प्रत्येक ड्रायव्हर स्वतः ठरवतो, म्हणून तपासणीही ज्याने त्याने स्वतःच करायची. जो विसरला, त्याचे दार उघडे. पुढे लिनक्सने १९९९ च्या २.२ आवृत्तीत रूटच्या अधिकारांचे तुकडे केले, पण त्यातील एक तुकडा इतका फुगला की त्यात निम्मे राज्य मावते. सुंदर कल्पनेलाही अडगळीची खोली लागतेच.

१३/ उलट टोक पाहायचे तर एमएस-डॉस. १९८१ चे हे अपत्य एका माणसाच्या एका यंत्रासाठी होते. ना कुलूप, ना कारभारी. कोणताही प्रोग्राम डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर सरळ लिहू शकत असे. त्याचे फळ १९९० मध्ये भारतात प्रथम आढळले, आणि त्याचे नाव मराठी कानाला परके नाही: जोशी व्हायरस. फ्लॉपीवरून तो हार्ड डिस्कच्या आरंभीच्या सेक्टरात घर करी. ५ जानेवारीला यंत्र अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप केल्याखेरीज हलत नसे. हा जोशी कोण, हे कधी उघड झाले नाही.

१४/ या काळातच विषाणूविरोधी सॉफ्टवेअरचा व्यवसाय उभा राहिला. कैलाश आणि संजय काटकर या बंधूंच्या पुण्यातील दुरुस्तीच्या दुकानातून नव्वदच्या दशकात क्विक हील निघाले, ते याच गरजेतून. त्यांचे व इतरांचे काम मोलाचे होते. पण एक सवय तेव्हाच रुजली: विषाणू यंत्राच्या तळाशी जातो, तर पहारेकऱ्यानेही तळाशीच उतरले पाहिजे.

१५/ १९९३ मध्ये विंडोज एनटी आले आणि कर्नलभोवती खरी भिंत उभी राहिली; २००१ च्या एक्सपीबरोबर ती घरोघरी पोहोचली. पुढे ६४ बिटांच्या व्हिस्टात स्वाक्षरीविना ड्रायव्हर बसेना आणि कर्नलमध्ये फेरफार करणाऱ्या बाहेरच्या कोडला मज्जाव झाला. तेव्हा, २००६ मध्ये, सिमँटेक आणि मॅकॅफी या सुरक्षा कंपन्यांनी मोठी ओरड केली की आम्हाला बाहेर ठेवून मायक्रोसॉफ्ट स्वतःचा माल खपवील. शंका निराधार नव्हती. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय आयोगाला वचन दिले की सुरक्षा कंपन्यांना आपल्याइतकाच प्रवेश मिळेल. २०२४ च्या घटनेनंतर तिने याच वचनाकडे बोट दाखवले.

१६/ हा बचाव अर्धाच खरा आहे. समान प्रवेश म्हणजे गाभ्यातच प्रवेश असे नव्हे. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा पहारेकरीही बाहेर आणून सर्वांना एकच खिडकी दिली असती, तरी समता साधली असती. ॲपलने २०१९ पासून मॅकमध्ये हीच वाट धरली.

१७/ त्या सकाळी नेमके काय बिघडले? क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडून रीतसर तपासून घेतलेला होता. पण त्याला दररोज नवे खाद्य पुरवणाऱ्या फाइली त्या तपासणीच्या बाहेर होत्या. नव्या फाइलीला २१ रकाने अपेक्षित होते. प्रोग्राम २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर मर्यादेबाहेरच्या स्मृतीत पोहोचला. सामान्य प्रोग्रामने ही चूक केली असती तर तो एकटा बंद पडला असता. गाभ्यात केली, म्हणून यंत्र बंद पडले. आणि ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच जागा होणारा, म्हणून ते पुनःपुन्हा बंद पडत राहिले.

१८/ सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तोवर कोसळलेल्या बहुतेक यंत्रांना मात्र दुरून बरे करता येईना. प्रत्येक यंत्रापाशी कोणीतरी जायचे, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे, ती एक फाइल खोडायची. एवढेच! पण त्यासाठी प्रशासकाचा अधिकार हवा, आणि डिस्क कूटबद्ध असेल तर ४८ अंकी किल्लीही हवी. काही संस्थांत या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तेही निळे पडून बसले होते. भारत तुलनेने सुदैवी ठरला: रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ झळ बसली.

१९/ सुरक्षा कंपन्यांचे म्हणणे डावलून चालणार नाही. हल्लेखोर गाभ्यापर्यंत पोहोचला आणि पहारेकरी बाहेरच राहिला, तर पहारा आंधळा होतो. पण यावरून निष्कर्ष निघतो तो कमीत कमी कोड आत ठेवण्याचा. लिनक्समधील ईबीपीएफ बाहेरून आलेला कोड आत चालवण्यापूर्वी तो ठरावीक मर्यादेत राहील की नाही हे तपासतो. तोही निर्दोष नाही. परंतु तेथे ओळखपत्र पाहून सोडत नाहीत, पिशवी उघडून पाहतात.

२०/ २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत 'लॉकडाउन' आले. ते लावले की खुद्द रूटलाही कर्नलची स्मृती बदलता येत नाही. कारभाऱ्याचेच हात बांधणारे हे कुलूप वरकरणी विचित्र वाटते. पण ते लावायचे की नाही, हे यंत्राच्या मालकाला ठरवता येते. निर्बंध किती कडक, यापेक्षा तो कोणाच्या संमतीने आणि कोणाकोणावर, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उपनगरांतील बँका, रुग्णालये, विमान कंपन्या यंत्रे खरेदी करताना किंमत आणि हमी पाहतात. कर्नलमध्ये कोणाचा कोड चालेल, त्याची अद्ययावत आवृत्ती आधी थोड्या यंत्रांवर पडताळता येईल का, आणि पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर कोठे असेल, हे तीन प्रश्न निविदेत असलेच पाहिजेत.

२१/ जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याची नवी व्यवस्था निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देण्याचे जाहीर केले. जुने ड्रायव्हर तूर्त आतच आहेत. जुहूचे एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. पवईहून तेथे फोन लावणारा यूयूसीपीचा तो प्रोग्राम केव्हाच निवृत्त झाला असला, तरी मोडेमला थेट हात लावू न देणारा त्याचा नियम आजच्या लिनक्समध्येही ओळखू येतो. काही लिनक्स वितरणांत सिरियल पोर्टच्या फाइलीचा गट अजूनही 'यूयूसीपी' याच नावाचा असतो.