वंगणातले मीठ

सोयाबीनची मळणी सुरू झाली की जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या शिवारात ट्रॅक्टरच्या इंजिनांना उसंत नसते. हंगाम उलटला की ऑइल बदलायचे. नवे ऑइल किती लिटर घातले आणि केवढ्याला पडले, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. काढलेले काळे ऑइल कुठे गेले, याची नोंद कोणाकडेच नसते. वंगणशास्त्रात सध्या एका नव्या रसायनाचा बोलबाला आहे आणि त्या कौतुकात नेमका हाच प्रश्न मागे पडला आहे.

त्या रसायनाचे नाव आयनिक द्रव. नाव अवघड, वस्तू ओळखीची: ते एक प्रकारचे मीठच. स्वयंपाकघरातले मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण त्यातले धन आणि ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. हेच आयन मोठे आणि बेढब असले तर त्यांची नीट रचना बसत नाही आणि मीठ 100 अंशांच्या आतच वितळते. पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्येच 12 अंशांना वितळणाऱ्या अशा एका क्षाराची नोंद केली होती. वंगण म्हणून त्याच्याकडे पाहायला मात्र 2001 उजाडले. चीनमधल्या लानझोऊच्या संशोधकांनी तो विचार तेव्हा मांडला.

गरज का भासली? इंजिनात धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा थर असतो. पण कॅमसारख्या ठिकाणी दाब इतका की थर तुटतो आणि धातूची सूक्ष्म टोके एकमेकांना भिडतात. तिथे नुसते तेल पुरत नाही, तेलात मिसळलेले रसायन कामाला येते. 1940 च्या दशकापासून ही चाकरी जस्त, गंधक आणि फॉस्फरस असलेले झेडडीडीपी नावाचे संयुग करत आले आहे. गंमत म्हणजे ते आणले होते बेअरिंग गंजू नयेत म्हणून. झीज रोखण्याचा गुण मागाहून कळला. घर्षणाच्या उष्णतेने ते फुटते आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा लेप चढवते. लेप झिजतो, पुन्हा चढतो. अडचण धुराड्याच्या बाजूला आहे. त्यातला फॉस्फरस उत्प्रेरकाला निकामी करतो आणि राख डिझेल गाडीच्या धूर गाळणाऱ्या जाळीत साचते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि ही अडचण आपल्याही दारात आली.

आयनिक द्रवातले कण विद्युतभारित असल्याने धातूला आपणहून चिकटतात. पहिले प्रकार तेलात विरघळत नव्हते. काहींतले फ्लोरिन ओलाव्याशी गाठ पडताच धातू खाणारे आम्ल बनवत असे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने तेलात मिसळणारा फॉस्फोनियम क्षार तयार केला आणि जनरल मोटर्सबरोबर पातळ इंजिन ऑइलमध्ये त्याची चाचणी घेतली. पातळ तेलाने इंधन वाचते, पण थर लवकर तुटतो. तो धोका या क्षाराने सांभाळला. झेडडीडीपीबरोबर मिसळल्यावर तर दोघांनी मिळून झीज आणखी कमी केली. अर्थात फॉस्फरस यातही आहेच. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतल्या संशोधकांनी म्हणूनच वेगळी वाट धरली: स्निग्धाम्लांपासून बनवलेले, हॅलोजन, गंधक आणि फॉस्फरस टाळणारे क्षार. आम्हाला ही वाट अधिक शहाणपणाची वाटते.

हे संशोधन किरकोळ नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 23 टक्के ऊर्जा घर्षणावर मात करण्यात आणि झिजलेले भाग नव्याने घडवण्यात जाते, असा 2017 मधला अंदाज आहे. मात्र मळणीच्या धुळीतला बारीक खडा इंजिनात गेला तर कोणतेही मीठ पिस्टनला वाचवू शकत नाही. तिथे एअर क्लीनर वेळेवर साफ करणे हाच उपाय, आणि तो फुकट आहे.

आता मूळ प्रश्न. आयनिक द्रव सहसा हवेत उडून जात नाहीत, म्हणून त्यांना पर्यावरणस्नेही म्हणण्याची पद्धत पडली. पण जे उडत नाही ते मातीत आणि पाण्यात उतरते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांना कचरा डेपोच्या परिसरातल्या मातीत असा एक क्षार सापडला. यकृताच्या पेशींना तो प्रयोगशाळेत मारक ठरला आणि पित्तनलिकांच्या एका दीर्घकालीन आजाराला तो चालना देत असावा, अशी शंका त्यांनी 2018 मध्ये मांडली. तो क्षार इमिडाझोलियम कुळातला, इंजिन ऑइलमधला नव्हे. त्यावरून सगळ्यांना दोषी धरता येणार नाही. पण क्षार तेलात विरघळावा म्हणून त्याची कार्बनची शेपटी लांबवावी लागते, आणि शेपटी लांबली की पाण्यातल्या जीवांना तो सहसा अधिक विषारी होतो.

प्रयोगशाळेत गृहीत धरतात की जुने ऑइल शुद्धीकरणाला जाईल. खेड्यात ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, गोचिडांसाठी जनावराच्या अंगाला चोळतात, उरलेले बांधाला ओततात. जनावर अंग चाटते. आजच्याच काळ्या ऑइलमध्ये कर्करोगकारक हायड्रोकार्बन आणि धातूचा कीस असतो. त्यात नव्या क्षारांची भर पडणार असेल तर त्यांची परीक्षा अशा वापराच्याही कसोटीवर व्हायला हवी, आणि डबा बाजारात येण्याआधी व्हायला हवी. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी वंगण उत्पादकांवर आली आहे. ती शहरातल्या सर्व्हिस सेंटरपाशी थांबू नये. चारठाण्याच्या गॅरेजात जुन्या ऑइलचा पिंप भरला की तो रास्त दर देऊन उचलणारी गाडी यायला हवी. फुकट मागितले तर ते ऑइल पुन्हा गोठ्यातच जाईल. तोवर मिस्त्रींनी हात डिझेलने नव्हे, साबणाने धुवावेत आणि गोचिडांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणावे.