कालव्यातले घर्षण आणि टेलचे पाणी

इगतपुरीकडच्या मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याने वैजापूर-गंगापूरसाठी येते. वाटेत पाणी किती पाझरते यावर आपण पुष्कळ बोलतो. त्याची ऊर्जा कुठे जाते यावर फारसे नाही. कालवा चालतो तो केवळ उतारावर. एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले की ९.८ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, तरी समान वाहत्या कालव्यात वेग वाढत नाही. तळ, काठ आणि भोवरे ती सगळी खातात. तिची उष्णता होते, पण ती इतकी थोडी की पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४२७ मीटर उतरावे लागेल.

कालव्याला सिमेंटचे अस्तर करावे की नाही, हा जुना वाद आहे. अस्तरीकरण हवे म्हणणाऱ्यांचा आधार भक्कम आहे. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रात खडबडीतपणाचा गुणांक सिमेंटच्या तळाला साधारण ०.०१५, स्वच्छ मातीच्या तळाला ०.०२५ धरतात. उतार, रुंदी, खोली तीच ठेवली तर गुळगुळीत कालव्यात वेग दीडपटीहून अधिक होतो. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, मोजक्या दिवसांत टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला हाच फरक जाणवतो, आणि त्याचा हक्क वरच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

दुसरीकडे, काठच्या विहिरी पाझरावरच भरतात. आवर्तन संपल्यावरही त्यांचे पाणी टिकते. त्या भरवशावर लोकांनी मोटारी बसवल्या, फळबागा लावल्या. त्यांचा विरोध निव्वळ स्वार्थ म्हणून झटकता येणार नाही. घर्षणाचाही उपयोग आहेच: वेग फार वाढला की मातीचे काठ खचतात, म्हणून अभियंते ठिकठिकाणी मुद्दाम पायऱ्या बांधून पाण्याची ऊर्जा जिरवतात.

मात्र या वादात घर्षण आणि पाझर हे दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. दाट गवत-झुडपे वाढली की तोच गुणांक ०.०५ च्याही वर जातो. म्हणजे साफसफाईनेच वेगाची मोठी तूट भरून निघते, आणि विहिरींचा पाझर बंद होत नाही. म्हणून आधी दरवर्षी आवर्तनापूर्वी गवत आणि गाळ काढावा, असे आमचे मत. अस्तर भरावाच्या टप्प्यांत आधी व्हावे, कारण तिथली गळती काठ फोडू शकते. खोदाईच्या टप्प्यांत मात्र पाणीवापर संस्थांनी टेलपर्यंतचा विसर्ग मोजून मगच ठरवावे. यात टेलला थोडी वाट पाहावी लागेल, आणि ती किंमत लहान नाही.