चौघांचा प्रभाग, कुणाचाच नाही

१५ जानेवारी २०२६. आजीला मतदानाला घेऊन गेले होते. जनता वसाहतीच्या वरच्या गल्लीतून तिला खाली आणायचं म्हणजे अर्धा तास. आधी पायऱ्या, मग उतार, मग रिक्षा. मशीनसमोर ती एवढा वेळ उभी राहिली की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. तिची चूक नव्हती. चार मतं द्यायची होती: अ, ब, क, ड. चारही दिल्याशिवाय मशीन बीप करत नाही. बाहेर आल्यावर शाई लागलेलं बोट बघत ती म्हणाली, "चौघांना दिलं गं. आता नळ गेला तर ह्यातल्या कुणाच्या दारात जायचं?"

मी पदवीधर आहे, रोज बातम्या वाचते, शहराच्या राजकारणावर तावातावाने बोलते. मला उत्तर देता आलं नाही.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. आणि एका प्रभागाबद्दल, जो आता नाही. २०१७ साली पुणे महापालिकेच्या नकाशावर त्याचं नाव होतं 'प्रभाग ३०, जनता वसाहत–दत्तवाडी'. आजी त्या नावातल्या डॅशच्या अलीकडची, आम्ही पलीकडचे.

ज्यांनी पुणे फक्त एफसी रोड आणि हिंजवडीपुरतं पाहिलंय त्यांच्यासाठी: पर्वती टेकडीवर पेशव्यांनी बांधलेलं देऊळ आहे, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच टेकडीच्या उतारावर जनता वसाहत आहे. शहरातल्या मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. तिथे रस्त्यांना नावं नाहीत, गल्ल्यांना नंबर आहेत, आणि ते नंबर शंभरीच्या पुढे जातात. खाली दत्तवाडी. जुनी बैठी घरं, चाळी, मंडळं, आता मधूनमधून उभे राहिलेले टॉवर. मधून मुठा उजवा कालवा जातो, खडकवासल्याहून येणारा. शहराला पाणी पाजणारं पर्वती जलकेंद्रही इथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे पुण्याचं पाणी आमच्या दारावरून जातं. आजी मात्र आयुष्यभर पहाटे उठून हंडे भरत आली.

प्रभाग ३० आता कुठे गेला? २०२५ मध्ये नवी रचना झाली. जनता वसाहत प्रभाग २८ मध्ये गेली आणि त्याचं नाव झालं 'जनता वसाहत–हिंगणे खुर्द'. दत्तवाडी नावातून गळाली. हिंगणे खुर्द २०१७ मध्ये वडगाव बुद्रुकशी जोडलेलं होतं, ते आमच्या वाट्याला आलं. आणि ३० हा आकडा नदी ओलांडून पलीकडे कर्वेनगरला गेला. तुम्ही म्हणाल, आकड्यात काय आहे? आकड्यात काही नाही. पण तुम्ही पाच वर्षं ज्या लोकांबरोबर पाण्याच्या टँकरसाठी भांडलात, ज्यांच्याबरोबर मोर्चा काढून कार्यालयात गेलात, त्यांचा आणि तुमचा प्रभाग पुढच्या निवडणुकीत एकच असेल याची खात्री नाही. शेजार तोच राहतो, मतदारसंघ बदलतो. मागच्या वेळचा हिशोब मागायला जावं तर हिशोब देणारा दुसऱ्याच प्रभागात उभा असतो.

आता ही यादी सावकाश वाचा. पुण्यात २००२ साली एका प्रभागात तीन नगरसेवक होते. २००७ मध्ये एक. २०१२ मध्ये दोन. २०१७ मध्ये चार. २०२२ साठी पुन्हा तीनचा प्रभाग ठरला, ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवकांचा आराखडा तयार झाला, आणि निवडणूक न होताच तो रद्दीत गेला. २०२६ मध्ये परत चार. पंचवीस वर्षांत एकाच शहरात लागोपाठच्या दोन निवडणुका एका पद्धतीने झालेल्या नाहीत, २०१७ आणि २०२६ सोडून. आणि त्या दोन्हींच्या मध्येही तीनचा डाव मांडून मोडला गेलाच.

हे कुणी केलं? एका पक्षाने केलं असतं तर लेख लिहिणं सोपं झालं असतं. सगळ्यांनी केलं. काँग्रेस आघाडीच्या राज्यात तीनाचा एक झाला आणि एकाचे दोन झाले. भाजप-शिवसेनेच्या राज्यात दोनाचे चार झाले. महाविकास आघाडीने आधी 'एक प्रभाग एक नगरसेवक' असा कायदा केला आणि मतदान व्हायच्या आत तो स्वतःच बदलून तीन केले. २०२२ मध्ये सरकार बदललं, तीनाचे पुन्हा चार झाले. ज्याची सत्ता त्याचा नकाशा. आमच्यासारख्यांनी 'हरकती व सूचना' द्यायच्या. दर वेळी हजारो लोक देतात, मीही दिली होती. प्रभागाची हद्द दहा फूट इकडे की तिकडे यावर हरकत घेता येते. चार माणसं का निवडायची, यावर सुनावणी नसते. तो निर्णय मुंबईत झालेला असतो.

आणि त्याच मुंबईची गंमत बघा. मुंबई महापालिकेत २२७ प्रभाग आहेत आणि २२७ नगरसेवक. एका प्रभागाला एक. राज्य तेच, सरकार तेच, मतदानाचा दिवसही तोच. धारावीतल्या माणसाला आपला नगरसेवक कोण हे एका नावात सांगता येतं. जनता वसाहतीतल्या माणसाला चार नावं आठवावी लागतात. मुंबईला एक चालतो तर पुण्याला, नाशिकला, नागपूरला का चालत नाही, याचं पटणारं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. चार नगरसेवक असणं म्हणजे चौपट काम होणं, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात शहरभर एक अलिखित रिवाज आहे: चौघे मिळून प्रभाग आपसात वाटून घेतात. हा भाग माझा, तो तुझा. ही वाटणी कुठल्याही राजपत्रात छापलेली नाही. तुम्ही मत चौघांना दिलेलं असतं आणि तुमच्या गल्लीला मिळतो एक, तोही त्यांनी ठरवलेला. चौघे एका पक्षाचे असतील तर हे गुपचूप चालतं. वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर एकाच रस्त्याच्या डांबरीकरणाचं श्रेय घेणारे दोन फलक लागतात आणि तुंबलेल्या गटारावर एकही लागत नाही. आमच्याकडे जुनी म्हण आहे, बारभाईंचं कारस्थान. बाराजण मिळून निदान कारभार तरी हाकत होते. इथे चौघांत तो कुणाचाच नाही.

दोष माणसांचा आहे असं मी म्हणत नाही. म्हणूनच कुणाचं नाव घेत नाही. चांगला नगरसेवकही या रचनेत लपतो आणि वाईटही लपतो. चांगल्याचं काम चौघांत वाटलं जातं, वाईटाचं पाप चौघांत विरून जातं. मतदाराच्या हातात शिक्षा करण्याचं एकच हत्यार असतं, पुढच्या वेळचं मत. ते कुणावर चालवायचं हेच कळत नसेल तर हत्याराला धार असून उपयोग काय?

२७ सप्टेंबर २०१८ सांगते. त्या दिवशी सकाळी मुठा उजव्या कालव्याची भिंत आमच्या भागात फुटली. पाणी सिंहगड रस्त्यावर आलं आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसलं. दिवसाची वेळ होती म्हणून माणसं पळू शकली. घरातलं धान्य, पोरांची दप्तरं, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, सगळं चिखलात. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं कारण दिलं, ते सगळ्या पेपरांत छापून आलं. आमच्याकडे त्यावर आजही विनोद होतात. पण नीट बघा, या सगळ्यात जबाबदार कोण होतं? कालवा पाटबंधारे खात्याचा. कालव्याकाठचं अतिक्रमण आणि कचरा महापालिकेचा. झोपड्यांचं पुनर्वसन एसआरएचं. पंचनामा तहसीलदारांचा. वस्त्यांना लागून दोन प्रभाग, २९ आणि ३०, म्हणजे आठ नगरसेवक. लोकांची बाजू एका आवाजात मांडायची जबाबदारी या आठांपैकी नेमकी कुणाची, हे सांगणारा कुठलाही नियम नाही.

एकच नगरसेवक असता तर भिंत फुटली नसती का? फुटली असती. एकसदस्यीय प्रभागाने सिमेंट घट्ट होत नाही. पण त्याला दर पावसाळ्याआधी विचारता आलं असतं: कालव्याबद्दल सभागृहात काय बोललात? आणि 'ते माझ्याकडे नाही' असं म्हणायला त्याला जागा उरली नसती.

मग तर विचारायलाच कुणी उरलं नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला. निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत अडकली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये खडसावलं तेव्हा कुठे चक्र फिरलं. पावणेचार वर्षांहून जास्त काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली, तेव्हा सबंध पुण्यात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस महापालिकेत बसलेला नव्हता. त्या काळात आमच्या पायऱ्यांवरचा दिवा बंद पडला. मी ऑनलाइन तक्रार केली. चार दिवसांनी मेसेज आला, तक्रारीचं निवारण झालं. दिवा बंदच होता. आजी त्या अंधारात एकदा घसरली, मनगट मोडलं. कुणावर राग काढायचा? मेसेज पाठवणाऱ्या मशीनवर?

या काळात एक भयंकर गोष्ट झाली, तिची फार चर्चा होत नाही. लोकांना सवय झाली. माझ्या वयाच्या कितीतरी मुलामुलींनी १८ वर्षं पूर्ण केली, २१ केली, आणि महापालिकेला एकदाही मत दिलं नाही. 'नगरसेवक नसला तरी चालतंय की', हे वाक्य मी टपरीवर ऐकलंय. चालत नव्हतं. फक्त आपण विचारायचं सोडलं होतं.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू. पहिला युक्तिवाद: चारच्या प्रभागात महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना हमखास जागा मिळते. मुद्दा महत्त्वाचा आहे, टर उडवण्यासारखा नाही. पण निम्म्या जागा महिलांच्या हे कायद्यानेच ठरलेलं आहे, मुंबईत एकसदस्यीय प्रभागांतही ते पाळलं जातं. उलट वस्तीच्या बाजूने बघा. पुण्यात चारच्या प्रभागाची लोकसंख्या सरासरी ८० हजारांच्या पुढे जाते. तेवढ्या मोठ्या भागात वस्ती अल्पमतात जाते. आरक्षित जागेवरचा उमेदवारही सोसायट्यांच्या मतांवर निवडून येतो. २० हजारांचा प्रभाग असेल तर वस्तीला स्वतःचा माणूस किंवा बाई स्वतःच्या बळावर निवडता येते. आजीच्या गल्लीतली बचतगट चालवणारी बाई २० हजार लोकांपर्यंत पायी पोहोचू शकते. ८० हजारांपर्यंत पोहोचायला गाड्या लागतात, फ्लेक्स लागतात, पक्ष लागतो. खरी मेख इथे आहे. चारचा प्रभाग अपक्षाला मारतो, पक्षाला तारतो. एका दमदार उमेदवाराच्या पाठीवर तीन कच्चे उमेदवार नदी पार करतात.

दुसरा युक्तिवाद: लहान प्रभागाचा नगरसेवक गल्लीचा सुभेदार होतो. होतो, नाकारत नाही. २००७ ला एकसदस्यीय होतं म्हणून पुण्यात स्वर्ग अवतरला नव्हता. पण एका सुभेदाराला पाडता येतं. चौघांच्या पॅनेलला पाडायला लाट लागते.

पुढची पाच वर्षं आमच्यासाठी साधी नाहीत. टेकडीवरच्या घरांचं पुनर्वसन, खडकवासला ते फुरसुंगी बोगदा झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या कालव्याच्या जागेचं काय करायचं, हे प्रश्न येऊन ठेपलेत. आजीचं घर राहील की जाईल, तिला कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर नेतील, हे ठरेल. त्या वेळी तिच्या बाजूने उभं राहणाऱ्याचं नाव तिला आजच माहीत असायला हवं.

म्हणून मागणी साधी आहे. मुंबईला लागू असलेला नियम राज्यातल्या सगळ्या महापालिकांना लागू करा: एक प्रभाग, एक नगरसेवक. प्रभागाची हद्द एकदा जनगणनेनंतर ठरवा आणि पुढच्या जनगणनेपर्यंत तिला हात लावू नका. आणि क्षेत्रसभा घ्या. राज्याच्या कायद्यात तिची तरतूद २००९ पासून आहे. तुम्ही कधी गेलाय क्षेत्रसभेला? मीही नाही.

जनगणना २०२७ मध्ये आहे. तिचे आकडे आले की नकाशे पुन्हा काढले जातील, आणि आपण गप्प बसलो तर चाराचे कदाचित पाचही होतील. यंदा पुण्यात एक प्रभाग पाच जणांचा झालाच आहे. प्रभागरचना हा विषय कंटाळवाणा आहे, मान्य. तो कंटाळवाणा ठेवण्यातच ज्यांचा फायदा आहे, त्यांनी तो तसा ठेवलाय. मतदानाच्या दिवशी स्टोरी टाकणं सोपं आहे. नकाशा ठरतो तेव्हा कुणी स्टोरी टाकत नाही, आणि अर्धी निवडणूक तिथेच उरकलेली असते.

परवा आजीने पुन्हा विचारलं, "कळलं का गं, आपला कोण ते?" मी एका कागदावर चारही नावं आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या फळीवर चिकटवले. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "एकच लिहायचं होतंस. एक पाठ झाला असता."